मधमाशी एन्झाइम कसं बनवते आणि ते बाटलीपर्यंत टिकवायचं कसं

नवीन मधपेटी ठेवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मध कधी काढायचा? याचं उत्तर माशीच्या डोक्यात आहे, आणि डोक्यात म्हणजे अक्षरशः डोक्यात, कारण फुलातल्या मकरंदाचा मध करणारी एन्झाइमं ज्या ग्रंथीत तयार होतात ती कामकरी माशीच्या कपाळामागे गुंडाळून बसलेली असते. ही ग्रंथी कधी चालू होते, कशावर चालते, तिचं काम कधी पूर्ण होतं एवढं कळलं की मध कधी काढायचा, किती दिवस थांबायचं, गरम करायचा की नाही, हे सगळं आपोआप सुटतं. मी सातेरी माशी धरून लिहितोय, म्हणजे महाबळेश्वर, जावळी, भोर, वेल्हे आणि खाली कोकणात आपल्याकडे पेटीत असते ती. मेलिफेरावाल्यांनी, म्हणजे युरोपियन जातीची माशी पाळणाऱ्यांनी, दिवसांचे आकडे थोडे पुढेमागे करून घ्या, बाकी यंत्रणा तीच.

आधी ती ग्रंथी बघू. नाव जड आहे, हायपोफॅरिंजिअल ग्रंथी. एक डावी एक उजवी, प्रत्येकीत एक लांबलचक बारीक नळी आणि तिला कांद्याच्या माळेसारखे शेकडो गोंडे लागलेले, आणि ही सगळी माळ एवढ्याशा डोक्यात घड्या घालून कोंबलेली. नळीचं तोंड माशीच्या तोंडात उघडतं. गंमत म्हणजे ही ग्रंथी आयुष्यात दोन वेगळी कामं करते. माशी कोषातून बाहेर आल्यावर पहिले पाच-सात दिवस परागकण खाऊन ग्रंथी फुगवते, मग पुढचा आठवडाभर तीच ग्रंथी पिल्लांचं दुधासारखं खाद्य आणि रॉयल जेली बनवते, म्हणजे माशी दाई असते. पुढे दाईपण संपलं, माशी मकरंद सांभाळायच्या आणि नंतर बाहेर जायच्या कामाला लागली की ग्रंथी आकसते आणि तिचं प्रॉडक्टच बदलतं, रॉयल जेलीची प्रोटीनं कमी होत जातात आणि साखर फोडणारी एन्झाइमं वाढत जातात. जपानमधल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात हे पेशींच्या पातळीवर तपासलं तेव्हा दिसलं की जुन्या पेशी जाऊन नव्या येतात असा प्रकार नाही, त्याच पेशी आधी एक काम करतात आणि मग दुसरं. आणि हे फक्त वयावर ठरत नाही, पेटीची गरज काय आहे यावरही ठरतं. पेटीत दाया कमी पडल्या तर म्हाताऱ्या माशीची आकसलेली ग्रंथी परत फुगू शकते.

आता यातून आपल्या कामाचं काय निघतं ते बघा.

पहिली गोष्ट पराग. एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीन, आणि माशीला प्रोटीन परागातूनच मिळतं, साखरेच्या पाकातून ते कधीच मिळणार नाही. लहानपणी पराग न मिळालेल्या माशीची ग्रंथी नीट वाढत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, सह्याद्रीत माश्यांचे खायचे वांधे असतात, आणि लोक पाक ठेवतात आणि खूश होतात की चला खाणं झालं. पाकाने माशी जगते हे खरं पण पाकाने ग्रंथी होत नाही. त्यामुळे पावसाळ्याआधीचा शेवटचा मध काढताना पराग भरलेल्या पोळ्याला हात लावू नका, ते त्यांचं बेगमीचं धान्य आहे. पराग फारच कमी असेल तर सोयाबीनचं पीठ, यीस्ट आणि थोडा पराग मधात मळून गोळा ठेवतात, पण सातेरी त्याला मेलिफेराइतकी पटकन तोंड लावत नाही, तेव्हा पेटी जिथे काही ना काही फुललेलं असतं अशा जागी हलवणं हा जास्त चांगला उपाय. उपाशी ठेवलेली सातेरी एक दिवस अख्खं बिऱ्हाड घेऊन निघून जाते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट दिवसांचा हिशोब, आणि इथे बरेच जण गडबडतात. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला सातेरीत वीस दिवसांच्या आसपास लागतात. बाहेर आल्यावर मकरंद घ्यायच्या आणि आणायच्या वयाला पोचायला अजून अडीच-तीन आठवडे. म्हणजे जांभूळ मार्चमध्ये फुलणार असेल तर त्या बहरात काम करणाऱ्या माश्यांची अंडी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडलेली पाहिजेत, साधारण चाळीस दिवस आधी. बहर सुरू झाल्यावर पेटी मजबूत करायला गेलात तर तुम्ही दाया तयार करताय, मध करणाऱ्या माश्या बहर संपल्यावर कामावर येतील. वसाहतीचं विभाजनही ऐन बहराच्या तोंडावर करू नका, वयांची सगळी घडी विस्कटते.

आता मकरंद पेटीत आल्यावर काय होतं. माशी फुलातून मकरंद शोषते तो मधाच्या पिशवीत जातो, जठर त्याच्या मागे वेगळं असतं आणि मधे एक झडप असते, त्यामुळे मध म्हणजे माशीची उलटी असं जे हसत हसत सांगतात ते तितकंसं बरोबर नाही, पचनाच्या नळीत पुढे तो गेलेलाच नसतो. पण शोषतानाच ग्रंथीचा स्राव त्यात मिसळायला लागतो. पेटीत आल्यावर ती माशी मकरंद थेट पोळ्यात टाकत नाही, आतल्या दुसऱ्या माशीच्या तोंडात देते, ती बऱ्याचदा तिसरीला देते, आणि प्रत्येक तोंडाला थोडं थोडं एन्झाइम पडत जातं. मग ती माशी निवांत जागा बघते, मकरंदाचा थेंब सोंडेवर बाहेर काढते, परत आत घेते, परत बाहेर, असं पंधरा-वीस मिनिटं चालतं, त्यात पाणी उडतं आणि एन्झाइम मिसळतं. नंतर थेंब पोळ्यातल्या घराच्या भिंतीला टांगून ठेवतात आणि काही माश्यांना पंखांनी वारा घालायची ड्यूटी लागते. पेटीच्या आत 34-35 अंश तापमान असतं, म्हणजे एन्झाइमला काम करायला मस्त ऊब.

एन्झाइमं मुख्य तीन.

इन्व्हर्टेज हे सगळ्यात महत्त्वाचं. मकरंदात बरीचशी साखर सुक्रोज असते, म्हणजे आपल्या डब्यातली साखर. इन्व्हर्टेज ती फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. माशी एवढा खटाटोप का करते? कारण साध्या साखरेचा पाक खोलीच्या तापमानाला 67 टक्क्यांच्या पुढे नेला की साखर खाली बसायला लागते, आणि 67 टक्क्यांवर यीस्ट पूर्ण थांबत नाही, पाक आंबू शकतो. तीच साखर फोडली की फ्रुक्टोज पाण्यात इतकं विरघळतं की 80 टक्क्यांपर्यंत जाता येतं, तिथे यीस्टला जगायला पाणीच उरत नाही. थोडक्यात वर्षभर टिकणारं अन्न करायची युक्ती आहे ही.

ग्लुकोज ऑक्सिडेज हा राखणदार. मकरंद अजून पातळ आहे, आंबायचा धोका आहे, तेवढ्या काळात तो थोडं ग्लुकोज वापरून ग्लुकोनिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो. मधाचा आंबटपणा मुख्यतः याच ॲसिडचा. मध घट्ट झाला की याचं काम जवळजवळ थांबतं आणि मधात पाणी घातलं की परत चालू होतं. मधात जंतू वाढत नाहीत याला कारणीभूत असलेल्या पदार्थाला आधी इनहिबिन असं नाव दिलेलं होतं, तो हायड्रोजन पेरॉक्साइडच आहे हे अमेरिकेत 1963 मध्ये व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

तिसरं डायस्टेज, स्टार्च तोडणारं. मकरंदात स्टार्च नसतंच म्हटलं तरी चालेल, मग मधात याचा उपयोग काय यावर फार वेळ घालवू नका, आपल्याला ते दुसऱ्या कारणाने कामाचं आहे. ते मोजायला सोपं, त्यामुळे जगभर मध तापवलाय का किंवा फार जुना आहे का हे डायस्टेजवरून बघतात. खाली घरची टेस्ट दिली आहे ती याचीच.

आता मुद्द्याचं, मध काढणं. वरचं सगळं काम व्हायला दिवस लागतात, आणि ते झालं की माश्या घरावर मेणाचं झाकण घालतात. झाकण ही माशीची सही समजा. मधाच्या, म्हणजे वरच्या कोठीतली फ्रेम काढा, निदान पाऊण भाग झाकलेला असेल तरच घ्या. उरलेल्या उघड्या भागाची शंका असेल तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्या, थेंब उडाले तर तो अजून मकरंद आहे, फ्रेम गुपचूप परत ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातलं पाणी मोजायचं यंत्र, असेल तर उत्तमच, पाणी 20 टक्क्यांच्या आत पाहिजे. सातेरीचा मध मेलिफेरापेक्षा मुळातच थोडा पातळ असतो, आणि कोकणातल्या दमट हवेत 20 च्या आत आणायला माश्यांना जास्त दिवस लागतात, त्यांना ते दिवस द्या. पिलाव्याच्या, म्हणजे पिल्लं वाढतात त्या कोठीतला मध काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. आणि पाक ठेवला असेल तर मधाची कोठी चढवायच्या आधी बंद करा, कारण माशी पाकावरही हीच सगळी एन्झाइमं खर्च करते, तो पाकही झाकला जातो, चवीला बराही लागतो, फक्त तो मध नसतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बहर जोरात असला की मधात एन्झाइम कमी पडतं. ऐकायला उलटं वाटतं पण सोपं आहे, मकरंद धो धो येतोय, तोंडातोंडी द्यायला वेळ नाही, तेवढ्याच ग्रंथी आणि काम दुप्पट. त्यामुळे अशा मधाची डायस्टेजची रीडिंग कमी आली म्हणून लगेच भेसळ म्हणून ओरडू नका. संत्र्या-मोसंबीच्या मधात डायस्टेज कमी असतं हे तर जगभर माहीत आहे.

लोक घाई का करतात हे मला कळतं. फ्रेम रिकामी केली की माश्या परत भरतात, एका बहरात तीनदा काढला तर किलो जास्त मिळतात. पण कच्चा मध काढला की त्यात पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे तो आंबणार, आंबू नये म्हणून तो तापवावा लागणार, आणि तापवला की ज्या एन्झाइमसाठी एवढं रामायण झालं ते गेलं. आग्याच्या मोहळाचा हाताने पिळलेला मध याच फेऱ्यात अडकतो. पिळताना पिल्लं, पराग, कच्चा मकरंद सगळं एकत्र येतं, मग तो उकळत्या पाण्यावर धरल्याशिवाय टिकत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं की तापवावा लागेल असा मध काढूच नये.

तापवल्याने किती नुकसान होतं? इथे आकडे देतो, कारण 'थोडा कोमट केला' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. अर्धं एन्झाइम संपायला लागणारा वेळ असा: 30 अंशाला डायस्टेज साधारण 200 दिवस, इन्व्हर्टेज 83 दिवस. 40 अंशाला डायस्टेज महिनाभर, इन्व्हर्टेज दहा दिवससुद्धा नाही. 60 अंशाला डायस्टेज एक दिवस आणि इन्व्हर्टेज पाच तासांच्या आत. 80 अंशाला डायस्टेज सव्वा तास, इन्व्हर्टेज नऊ मिनिटांच्या आत. बघा म्हणजे, गॅसवर पातेलं ठेवून 'जरा पातळ करून घेतला' तर काय उरलं असेल. आणि दुसरं, ज्याकडे कुणी बघत नाही, पत्र्याच्या खोलीत ठेवलेले डबे. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली 40 च्या वर सहज जातं, तिथे महिनाभर ठेवलेला मध कुणी गॅसवर न ठेवताच तापलेला असतो.

त्यामुळे मध गाळायचा तो हवेच्या तापमानाला, आधी जाड जाळी मग बारीक मलमल, घाई नको. भरायचा काचेत किंवा स्टीलमध्ये, काठोकाठ, घट्ट झाकण, कारण मध हवेतलं पाणी ओढतो. अंधारात ठेवा, ग्लुकोज ऑक्सिडेजला उजेडही चालत नाही, खिडकीत चमकणाऱ्या बरण्या फोटोपुरत्या बऱ्या. थंडीत मध साखरेसारखा बसला तर बिघडला असं नाही, ते ग्लुकोजचे खडे असतात. पातळ करायचाच असेल तर पातेल्यात 40 अंशाचं पाणी घ्या, थर्मामीटर नसेल तर हात आरामात ठेवता येईल इतपत, त्यात बरणी ठेवा, पाणी गार झालं की बदला, दोन-तीन तास लागले तर लागू द्या. मायक्रोवेव्ह अजिबात नको, एका जागी उकळतो आणि शेजारी गार राहतो.

आता घरची टेस्ट, मुलांना सुट्टीत दाखवायला पण भारी आहे. लागणार काय तर कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्च, बीटाडीन (त्यातलं आयोडीन स्टार्चला निळं करतं), तीन वाट्या, पांढरी बशी. पाव चमचा कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवा आणि मग एक कप पाण्यात उकळून घ्या, पाणी पारदर्शक व्हायला लागलं की गार करा. पहिल्या वाटीत तुमचा मध एक चमचा आणि चार चमचे कोमट पाणी. दुसऱ्या वाटीत तोच मध, पण आधी छोट्या बाटलीत घालून तासभर उकळत्या पाण्यात ठेवलेला आणि मग गार केलेला, पाणी तेवढंच. तिसरीत एक चमचा साखर आणि चार चमचे पाणी. तिन्हीत चिमूटभर मीठ टाका, डायस्टेजला मीठ लागतं. मग प्रत्येकीत चार-चार चमचे स्टार्चचं पाणी घालून ढवळा आणि तिन्ही वाट्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, 40 अंशाच्या आसपास, पाणी गार होऊ देऊ नका. दर दहा मिनिटांनी प्रत्येक वाटीतला एक थेंब बशीत घ्या आणि त्यावर पाण्यात पातळ केलेल्या बीटाडीनचा एक थेंब. सुरुवातीला तिन्ही गडद निळे येतील. साखरेचा आणि उकळलेल्या मधाचा थेंब तासाभरानेही निळाच राहायला पाहिजे. चांगल्या मधाचा थेंब हळूहळू जांभळा, मग लालसर तपकिरी आणि शेवटी नुसता बीटाडीनच्या रंगाचा पिवळट होतो, म्हणजे स्टार्च संपलं. अर्ध्या तासाच्या आसपास झालं तर डायस्टेज उत्तम स्थितीत आहे. तासाभरानेही निळा असेल तर मध बऱ्यापैकी तापलाय, किंवा फार जुना आहे, किंवा मुळातच कमी एन्झाइमवाला आहे. घरचं माप आहे, यावरून आकडा काढत बसू नका. आणि वाट्यांतलं सगळं ओतून टाका, प्यायचं नाही.

ही भेसळीची टेस्ट आहे का? नाही. पाक पाजलेल्या माशीच्या मधातही डायस्टेज असतं, आणि भेसळ करणारे बाहेरून एन्झाइम घालतात तेही खरं. पाण्यात थेंब टाकून बघा, कापसाची वात पेटवून बघा, कुत्रा खातो का बघा, हे जे फॉरवर्ड फिरतात त्यांचाही भेसळीशी काही संबंध नाही, पाणी कमी असलेला कुठलाही घट्ट पाक त्यात पास होतो. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने दाखवलंच की तांदळासारख्या गोष्टींपासून केलेले सिरप नेहमीच्या सरकारी टेस्टमधूनही निसटतात. उसाची साखर कार्बनच्या टेस्टमध्ये सापडते कारण ऊस वेगळ्या जातकुळीतली वनस्पती आहे, तांदूळ तसा सापडत नाही. लॅबमध्ये अजून एक छान युक्ती वापरतात, माशीचं इन्व्हर्टेज सुक्रोजला ग्लुकोजच्या बाजूने पकडतं आणि यीस्टपासून केलेलं कारखान्यातलं इन्व्हर्टेज फ्रुक्टोजच्या बाजूने, त्यामुळे दुसऱ्या जातीचं सापडलं की कुणीतरी बाहेरून हात मारलाय हे कळतं.

विकायचा असेल तर मात्र लॅबचा रिपोर्ट हवाच. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमात डायस्टेज कमीत कमी 3 शेड युनिट (डायस्टेज मोजायचं माप), पाणी 20 टक्क्यांपर्यंत आणि एचएमएफ किलोमागे 80 मिलिग्रॅमच्या आत. एचएमएफ म्हणजे मध तापला की त्यातल्या फ्रुक्टोजपासून तयार होणारा पदार्थ, डायस्टेज खाली जातं तसा हा वर चढतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकाची अट जास्त कडक, डायस्टेज साधारणपणे 8, आणि जो मध मुळातच कमी एन्झाइमचा असतो त्याला 3 चालतं, युरोपियन युनियनच्या नियमात मात्र अशा मधाचं एचएमएफ 15 च्या वर नको. शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, तिथे कोर्स होतात. आणि महाबळेश्वरला गेलात तर स्ट्रॉबेरी खाऊन परत न येता मांघरला जा, 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते, तिथल्या लोकांना जांभूळ, हिरडा, गेळा यांचे बहर तोंडपाठ असतात, आणि कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हाच्या मधाबद्दल विचारा, तास कसा जातो कळणार नाही.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, एन्झाइम जिवंत असो की नसो, त्यातले बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू बाळाच्या पोटात वाढू शकतात. आणि ग्लुकोज ऑक्सिडेजचं वाचून कुणी पेटीतला मध जखमेवर थापायला जाऊ नका, दवाखान्यात जखमेसाठी वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, म्हणजे न तापवताच, एन्झाइम शाबूत ठेवून.